बुरशी रक्तात शिरते तरी कशी?

हदगावला विज्ञान शिक्षकांच्या एका बैठकीत आम्ही एक तक्ता पाहिला. नाकातून रक्तात, रक्तातून मेंदूत असे बाण काढून म्युकरमायकोसिसचा प्रवास दाखवला होता. खाली ओळ होती : 'उंदरांवरील प्रयोगांतून सिद्ध'. 2021 मध्ये मराठवाड्याने हा आजार जवळून पाहिला आहे, तेव्हा तक्ता लावावासा वाटणे साहजिकच. पण तो चुकीचा आहे, आणि चूक बहुधा आम्हा संशोधकांच्याच लिखाणातून तिथे पोचली असावी.

उंदरांवरचा नेहमीचा प्रयोग असतो तो कँडिडा या दुसऱ्याच बुरशीचा. तिच्या पेशी मोजून उंदराच्या शेपटीतल्या शिरेत टोचतात. रक्तातून त्या लवकरच अवयवांत जातात. यकृत त्यांना बऱ्यापैकी आवरते, मूत्रपिंडात मात्र त्या वाढत राहतात. 2003 साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग वर्गात जरूर सांगावा. त्यात कँडिडाचा असा वाण बनवला होता, की पिण्याच्या पाण्यातून डॉक्सिसायक्लिन दिले तरच तिला तंतू फुटावेत. औषध दिलेले उंदीर मेले. न दिलेले जगले, आणि बुरशी तर त्यांच्याही अवयवांत पोचली होती! म्हणजे पसरणे निराळे, मारणे निराळे.

प्रयोग सुंदरच आहे. पण बुरशीला रक्तात घातले कोणी? आमच्या सुईने. ती स्वतः कशी शिरते, याचे उत्तर येथे नाही. आतड्यात कँडिडा वसवलेल्या उंदरांत ती रक्तात उतरण्यासाठी पांढऱ्या पेशी घटवाव्या लागल्या आणि आतड्याचे अस्तरही दुखवावे लागले.

म्युकरची तऱ्हा आणखी वेगळी. नाक, सायनस, डोळ्याची खोबण, मेंदू अशी ती बहुतेक वेळा शेजारून शेजारी सरकते. वाटेतल्या रक्तवाहिन्यांच्या भिंतींत ती घुसते, आत गुठळ्या होतात, रक्त न मिळालेला भाग मरतो आणि काळा पडतो. 'काळी बुरशी' हे नाव त्यावरून पडले; बुरशी काही काळी नसते. रक्ताच्या नमुन्यात ती क्वचितच सापडते.

बैठकीतले एक गुरुजी म्हणाले, "आमच्या मेहुण्यांना साखरेचा आजार. गाल सुजला होता, पण रक्ताचा रिपोर्ट चांगला आला म्हणून आठ दिवस घरीच राहिले." अशा वेळी नाकाची तपासणी त्याच दिवशी व्हायला हवी.

तक्त्यावरचा रक्ताचा बाण खोडावा. उंदीर ठेवायचाच असेल तर त्याच्या शेपटीशी सुईही काढावी.