घरकुल व निराधार अनुदान : शासकीय अर्थसाहाय्याच्या धोरणाची चिकित्सा
(येलदरी, ता. जिंतूर, जि. परभणी परिसराच्या संदर्भात)

प्रस्तावना :

पूर्णा नदीवरील येलदरी धरण १९६८ मध्ये पूर्ण झाले. या धरणावर २२.५ मेगावॅट क्षमतेचे जलविद्युत केंद्र आहे. परभणी शहराची तहानही याच जलाशयातून भागते. धरणाच्या निमित्ताने अधिकारी, कर्मचारी व कामगार यांच्यासाठी शासनाने वसाहत उभारली आणि ‘येलदरी कॅम्प’ हे नाव परिसरात रूढ झाले. म्हणजेच ग्रामीण भागात निवारा उभारणे शासनाला अशक्य नव्हते. आवश्यकता पटली तेव्हा शासनाने तो रस्ता, वीज आणि पाण्यासह उभारला. याउलट ज्यांची घरे व शेती जलाशयाखाली गेली, त्यांच्यासाठी त्या काळी पुनर्वसनाचा कायदाच अस्तित्वात नव्हता. महाराष्ट्रात प्रकल्पबाधितांच्या पुनर्वसनाचा कायदा १९७६ मध्ये झाला, त्यानंतर १९८६ व १९९९ चे कायदे आले. येलदरीचे पाणी त्यापूर्वीच अडवले गेले होते.

हा संदर्भ केवळ इतिहास म्हणून येथे दिलेला नाही. गरिबाला घर आणि निराधाराला आधार देण्याच्या आजच्या योजना लाभार्थ्याकडून जागेचा उतारा, उत्पन्नाचा दाखला, यादीतील नाव असे कागद मागतात. ज्या परिसरातील वस्तीच एकदा शासनाच्या हाताने हलली, तेथे या कागदांना किती आधार असतो, हा प्रश्न धोरणाच्या चर्चेत अभावानेच येतो. प्रस्तुत लेखात घरकुल योजना व निराधार अनुदान या दोहोंचा एकत्र विचार केला आहे. शासनदरबारी या योजना दोन विभागांच्या आहेत. गावात मात्र त्या बहुधा एकाच उंबरठ्यावर येऊन थांबतात.

घरकुलाचे अर्थकारण :

इंदिरा आवास योजना १९८५ मध्ये ग्रामीण रोजगार कार्यक्रमाचा एक भाग म्हणून सुरू झाली आणि १९९६ पासून ती स्वतंत्र योजना झाली. २०१६ मध्ये तिची जागा प्रधानमंत्री आवास योजना (ग्रामीण) हिने घेतली. घराचे किमान क्षेत्रफळ २० वरून २५ चौरस मीटर, म्हणजे सुमारे २६९ चौरस फूट झाले. सपाट प्रदेशासाठी १ लाख २० हजार रुपये साहाय्य ठरले आणि त्याचा भार केंद्र व राज्य यांच्यात ६० : ४० असा विभागला गेला. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने देशात आणखी २ कोटी घरांना मंजुरी देऊन योजना मार्च २०२९ पर्यंत पुढे नेली. परंतु प्रतिघर साहाय्य तेच ठेवले. सिमेंट, लोखंड, विटा आणि गवंड्याची मजुरी यांपैकी कशाचाही भाव या १३ वर्षांत स्थिर राहणार नाही, हे नियोजनकारांना ठाऊक नसेल असे म्हणता येत नाही. तेव्हा दर गोठवण्याचा हा निर्णय अनवधानाने नव्हे, तर जाणीवपूर्वक घेतलेला आहे : घरांची संख्या वाढवायची आणि वाढीव खर्च लाभार्थ्याच्या खांद्यावर टाकायचा.

साधा हिशेब मांडला तरी हे स्पष्ट होते. १ लाख २० हजारांत शौचालयाचे १२ हजार मिळवले आणि रोजगार हमीच्या ९० दिवसांची मजुरी २०२५-२६ च्या ३१२ रुपये दराने, म्हणजे २८ हजार ८० रुपये, धरली तर बेरीज १ लाख ६० हजारांच्या घरात जाते. चौरस फुटामागे हे सुमारे ५९५ रुपये होतात. महाराष्ट्र शासनाने २०२५ मध्ये स्वतःच्या तिजोरीतून ५० हजारांची भर जाहीर केली. त्यापैकी १५ हजार सौरऊर्जा यंत्रणेसाठी असल्याने प्रत्यक्ष बांधकामाला ३५ हजारच उरतात. ही भर स्वागतार्ह आहे. तथापि केंद्राने गोठवलेल्या दराची भरपाई राज्याला करावी लागते, याची ती अप्रत्यक्ष कबुलीही आहे. घरकुलधारकांना ५ ब्रास वाळू मोफत देण्याचे धोरणही त्याच वर्षी आले. परंतु वाळू विनामूल्य असली तरी ती आणणारा ट्रॅक्टर विनामूल्य नसतो.

रकमेइतकाच हप्त्यांचा क्रमही महत्त्वाचा आहे. साहाय्य बांधकामाच्या टप्प्यानुसार मिळते. प्रत्येक टप्प्याचे छायाचित्र अपलोड झाल्यावर पुढील हप्ता सुटतो. याचा अर्थ असा की, प्रत्येक टप्प्यासाठी लाभार्थ्याने आधी स्वतःचा वा उसना पैसा घालावा आणि नंतर शासनाने तो भरून द्यावा. ज्याच्याकडे असा पैसा असतो तो घर पूर्ण करतो. ज्याच्याकडे नसतो तो जोत्यावर अडकतो. जिंतूर तालुक्यात ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांच्या बाबतीत ही अडचण अधिक तीव्र होते. दिवाळीनंतर उन्हाळ्याच्या तोंडापर्यंतचा काळ बांधकामास अनुकूल असतो आणि नेमक्या त्याच काळात ही कुटुंबे कारखान्यांच्या फडावर असतात. मुकादमाकडून घेतलेली उचल घराच्या भिंतीत गेली, तर ते घर शासनाच्या अनुदानावर उभे राहिले की पुढील हंगामाच्या श्रमावर, असा प्रश्न विचारावा लागेल. अहवालात मात्र ते ‘पूर्ण’ या रकान्यात जाते.

जागेचा प्रश्न :

घरकुल मंजूर होते, पण बांधायचे कोठे? भूमिहीनांसाठी राज्याने २०१५ मध्ये पंडित दीनदयाळ उपाध्याय घरकुल जागा खरेदी अर्थसाहाय्य योजना आणली. ५०० चौरस फूट जागेसाठी आरंभी ५० हजारांपर्यंत साहाय्य होते, पुढे ते १ लाखापर्यंत वाढवले गेले. शासकीय जमिनीवरील १ जानेवारी २०११ पूर्वीची निवासी अतिक्रमणे नियमित करण्याचा निर्णय २०१८ मध्ये झाला. दोन्ही निर्णय योग्य दिशेचे होते. तथापि धरणालगतच्या गावात शासकीय जमीन म्हणजे केवळ गायरान किंवा गावठाण नसते. प्रकल्पासाठी संपादित केलेली जमीन पाटबंधारे खात्याच्या नावे असते. जेथे ग्रामपंचायतीच्या ठरावाला खातेप्रमुखाच्या संमतीची वाट पाहावी लागते, तेथे घरकुलाची मुदत आधी संपते.

या संदर्भात यशवंतराव चव्हाण मुक्त वसाहत योजनेची मूळ कल्पना लक्षणीय होती. विमुक्त जाती व भटक्या जमातींच्या २० कुटुंबांची वसाहत, प्रत्येक कुटुंबास ५ गुंठे जमीन आणि त्यावर घर, असा तो विचार होता. घराबरोबर परसबाग, शेळ्या-कोंबड्या यांना जागा हवी, म्हणजे निवारा आणि उपजीविका एकमेकांपासून तोडता येत नाहीत, हे या योजनेने ओळखले होते. जिंतूरसारख्या तांड्यांच्या तालुक्यासाठी ती विशेष उपयुक्त ठरू शकली असती. परंतु सलग जमीन उपलब्ध होणे अवघड ठरले आणि पुढे वैयक्तिक लाभाची वाट खुली करण्यात आली. त्यामुळे तिचे स्वरूप अन्य घरकुल योजनांसारखेच, २६९ चौरस फुटांचे झाले. एका चांगल्या कल्पनेचा हा संकोच अभ्यासकांकडून फारसा नोंदवला गेलेला नाही.

निराधार कोण? :

संजय गांधी निराधार अनुदान योजना १९८० मध्ये, अ. र. अंतुले मुख्यमंत्री असताना सुरू झाली. केंद्राचा राष्ट्रीय सामाजिक साहाय्य कार्यक्रम त्यानंतर १५ वर्षांनी, १९९५ मध्ये आला. राज्याचे हे पुढारलेपण मान्यच करावे लागेल. केंद्राने ६० ते ७९ वयोगटातील वृद्धांसाठी ठरवलेले दरमहा २०० रुपये २००७ पासून वाढलेले नाहीत. उरलेली रक्कम राज्य आपल्या श्रावणबाळ योजनेतून घालते. २०२३ मध्ये राज्याने निराधार व श्रावणबाळ या दोन्ही योजनांचे अनुदान १,००० वरून १,५०० रुपये केले.

खरा पेच मात्र पात्रतेत आहे. अनुदान वाढले तेव्हाही कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा २१ हजार रुपये हीच राहिली. त्या वर्षी महाराष्ट्रातील रोजगार हमीची मजुरी २७३ रुपये होती. कुटुंबातील एकाच व्यक्तीने वर्षात ७७ दिवस काम केले की ही मर्यादा ओलांडली जाते. कायदा मात्र त्या कुटुंबाला १०० दिवसांच्या कामाची हमी देत होता. म्हणजे एका कायद्याने दिलेला हक्क पूर्णपणे मिळाला, तर दुसऱ्या योजनेतील हक्क जातो. या विसंगतीतून व्यवहारात एकच मार्ग निघतो आणि तो गावात सर्वांना ठाऊक असतो : उत्पन्नाचा दाखला २१ हजारांच्या आतलाच निघतो. मागणाऱ्याला, देणाऱ्याला आणि तपासणाऱ्याला तो आकडा खरा नाही हे माहीत असते. त्यामुळे विधवेला मिळणारे अनुदान हक्क न राहता कोणाची तरी मेहेरबानी बनते आणि मेहेरबानी कधीही परत घेता येते.

२०२४ मध्ये सुरू झालेल्या मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजनेने ही विसंगती अधिक ठळक केली. तेथेही दरमहा १,५०० रुपयेच ठरले, परंतु उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख, म्हणजे निराधारांच्या मर्यादेच्या सुमारे १२ पट आहे. अन्य योजनेतून १,५०० रुपये मिळणाऱ्या स्त्रीला या योजनेचा लाभ घेता येत नाही. परिणामी निराधार विधवा आणि अडीच लाख उत्पन्नाच्या घरातील गृहिणी शासनाच्या लेखी समान साहाय्यास पात्र ठरल्या. फरक एवढाच की, पहिलीला अधिक कठोर चाळणीतून जावे लागले. स्त्रियांच्या हाती पैसा जावा यास विरोध करण्याचे कारण नाही. परंतु व्यापक लाभासाठी मर्यादा शिथिल होऊ शकते, तर निराधारांसाठी ती का होत नाही, याचे उत्तर धोरणात आढळत नाही.

ग्रामपंचायतीचे स्थान :

त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने १९९३ पासून अकराव्या अनुसूचीत २९ विषय घातले. ग्रामीण गृहनिर्माण आणि अपंगांसह समाजकल्याण हे दोन्ही त्यात आहेत. प्रत्यक्षात घरकुलाची यादी २०११ च्या सामाजिक-आर्थिक सर्वेक्षणातून आणि पुढे २०१८ च्या ‘आवास प्लस’ नोंदणीतून वर तयार झाली; ग्रामसभेकडे तिला मान्यता देण्याचे काम उरले. निराधारांच्या अर्जांचा निर्णय तालुका पातळीवरील समितीत होतो. गावाला सर्वाधिक माहिती असते आणि गावालाच सर्वांत कमी अधिकार असतात, अशी ही रचना आहे.

केरळची तुलना येथे उद्बोधक ठरते. तेथे २०१७ पासूनच्या ‘लाइफ’ अभियानात सर्वसाधारण घरासाठी ४ लाख रुपये धरले गेले, भूमिहीनांचा स्वतंत्र विचार झाला आणि स्थानिक स्वराज्य संस्थांचा निधी व निर्णय दोन्ही त्यात आले. केरळची आर्थिक स्थिती व लोकवस्तीची रचना वेगळी असल्याने तो नमुना मराठवाड्यात जसाच्या तसा आणता येणार नाही. परंतु तेथे पंचायतीकडे १९९६ च्या लोकनियोजनापासून पैसा गेला आणि नंतर जबाबदारी वाढत गेली, हा क्रम लक्षात घेण्याजोगा आहे. महाराष्ट्रात जबाबदारीचा ठराव पंचायतीकडे आला, पैसा थेट खात्यात गेला. थेट जमा होण्याने मधली गळती थांबते हे खरे. मात्र खात्यात पैसे न आल्यास वृद्धाने कोणाला विचारावे, याची सोय गावात राहिलेली नाही. आधार जोडणी तुटली, बोटांचे ठसे जुळले नाहीत, हयातीचा दाखला उशिरा पोहोचला, तर त्याला जिंतूरचे तहसील कार्यालय गाठावे लागते आणि त्या दिवसाचे एसटीचे तिकीट त्याच १,५०० रुपयांतून जाते.