कोष्टकांतील मेळघाट

अमरावती जिल्ह्याचीं १९६१ पासूनचीं जनगणनेचीं कोष्टकें पुढें घेऊन बसलें म्हणजे मेळघाटांतील आदिवासींच्या रोजगाराचा इतिहास आयताच हातीं लागला, असें कोणासही वाटेल. आज धारणी व चिखलदरा असे दोन तालुके झालेल्या ह्या मुलखांत शेतकरी किती, शेतमजूर किती, हें दर गणनेंत लिहिलेलेंच आहे. मग आंकडे शेजारीं शेजारीं मांडावे आणि रोजगार वाढला कीं घटला तें सांगावें! आमच्या मतें ह्या पद्धतींत मूळचाच दोष आहे. मोजण्याचें माप मध्येंच बदललें, ही गोष्ट तींत विसरली जाते.

पहिला बदल ‘काम’ ह्या शब्दाचा. १९६१ सालीं हंगामाचे बहुतेक दिवस रोज तासाभराहून अधिक राबणारी बाई कामकरी ठरे. १९७१ सालीं मुख्य व्यवसायावर भर दिला गेला. तेव्हां चूल सांभाळून निंदणीस जाणारी बाई घरकामाच्या सदरांत गेली, आणि साऱ्या देशांत कामकरी स्त्रियांचें प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आलें. बायांचे विळे मात्र पूर्वीप्रमाणेंच चालत होते. १९८१ पासून वर्षांतील सहा महिने किंवा अधिक काळ काम करणारे ते ‘मुख्य’ व त्याहून कमी करणारे ते ‘सीमांतिक’, असे दोन वर्ग झाले.

दुसरा बदल ‘आदिवासी’ ह्या शब्दाचा. अमरावती जिल्ह्यांत कोरकूंस अनुसूचित जमात म्हणून मान्यता होती ती मेळघाट तहसिलीपुरतीच. घाट उतरून अकोला जिल्ह्यांत अकोटकडे वसलेला त्याचाच भाऊबंद कायद्याच्या लेखीं आदिवासी नव्हता. १९७६ च्या कायद्यानें हें क्षेत्रबंधन उठलें. महाराष्ट्रांतील अनुसूचित जमातींची संख्या १९७१ सालीं सुमारें साडेएकोणतीस लाख होती, ती १९८१ सालीं सत्तावन लाखांवर गेली. एवढी वाढ निव्वळ जन्मांनीं झाली, असें कोण म्हणेल?

तिसरी गोष्ट ऋतूची. दिवाळीनंतर मेळघाटांतील कुटुंबेंच्या कुटुंबें कापूस वेंचावयास, पुढें गहूं-हरभरा सोंगावयास वऱ्हाडच्या सपाटींत उतरतात व होळीस घरीं परततात. २०११ ची गणना ९ ते २८ फेब्रुवारी ह्या दिवसांत झाली. होळी मार्चांत होती. गणनेचा सारा काळ घराबाहेर असलेलें माणूस जेथें सांपडेल तेथें मोजावें, असा नियम आहे. म्हणजे घर चिखलदऱ्याचें आणि नोंद अकोटची!

ह्यावरून कोष्टकें टाकाऊ आहेत, असें आमचें म्हणणें नाहीं. १९८१ पूर्वीचे व नंतरचे आंकडे एका ओळींत मांडूं नयेत. कामकऱ्यांची नुसती बेरीज न देतां मुख्य व सीमांतिक हे वर्ग वेगळे दाखवावे. आणि २०११ मध्यें सीमांतिकांचे तीन महिन्यांच्या आंतील व तीन ते सहा महिन्यांचे असे जे भाग पाडले, ते मेळघाटापुरते आधीं वाचावे. वर्षाचे किती महिने हात रिकामे राहतात, ह्याची खूण तेथेंच मिळते. रोजगार हमीचें काम कोणत्या गांवीं, कोणत्या महिन्यांत काढावें, हें ह्याच वाचनावर अवलंबून आहे. तें चुकलें तर कोरकू कुटुंबास पुन्हां घराला कडी लावून घाट उतरावा लागतो.