निरीक्षकांची घाई : केनिया २०१७

निवडणूक निरीक्षक म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे गळ्यात ओळखपत्र, हातात वही असा परदेशी पाहुणा उभा राहतो. जिथे लोकशाही अजून कच्ची आहे, तिथल्या मतदाराला त्याच्या नुसत्या असण्याने धीर येतो. ते मोलाचं आहेच. माझी तक्रार त्याच्या येण्याबद्दल नाही, त्याच्या घाईबद्दल आहे.

८ ऑगस्ट २०१७ रोजी केनियात मतदान झालं. त्याआधी थोडेच दिवस निवडणूक आयोगाचे तंत्रज्ञान अधिकारी ख्रिस मसांडो यांचा खून झाला होता. म्हणजे संशयाला जागा होती. तरीही दोनच दिवसांत, अधिकृत निकालाच्या आधी, निरीक्षकांची प्राथमिक निवेदनं आली. युरोपीय संघ, आफ्रिकी संघातर्फे थाबो म्बेकी, कार्टर सेंटरतर्फे जॉन केरी अशी मोठी नावं. एकूण सूर समाधानाचा. प्रक्रिया अजून संपलेली नाही, असंही त्यांत होतं. पण जगभर गेलं ते समाधान. ११ तारखेला उहुरू केन्याटा ५४ टक्के मतांनी विजयी घोषित झाले. किसुमूत आणि नैरोबीच्या वस्त्यांत निषेध करणारे पोलिसांच्या हातून मेले.

मग १ सप्टेंबरला सरन्यायाधीश डेव्हिड मरागा यांच्या सर्वोच्च न्यायालयाने ४ विरुद्ध २ मतांनी ती निवडणूकच रद्द केली. आक्षेप कशावर? रांगांवर नव्हे. केंद्रांवरचे निकाल वर कसे पाठवले गेले, यावर. न्यायालयाने सांगूनही आयोगाने आपला सर्व्हर नीट तपासू दिला नाही.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. ‘एलोग’ या स्थानिक निरीक्षक गटाच्या नमुना मोजणीतही केन्याटा ५४ टक्क्यांच्या आसपासच होते. म्हणजे आकडा कदाचित बरोबरही असेल. पण बघा, हरलेल्याला तो पडताळून पाहता येत नसेल, तर बरोबर असून उपयोग काय?

निरीक्षक असं का वागले? २००७च्या निवडणुकीनंतर तिथे हजाराहून जास्त माणसं मारली गेली होती. ती भीती खरी होती. पण भीतीपोटी शांतता हाच निकष झाला, आणि शंका घेणारा मतदार म्हणजे शांतता बिघडवणारा ठरला. ही मतदाराशी एकजूट नव्हे. ही स्थैर्याशी एकजूट झाली.

मग करावं काय? प्रत्येक केंद्राचा निकाल ‘फॉर्म ३४-अ’वर लिहिला जातो. ते सगळे फॉर्म लोकांसमोर येईपर्यंत निरीक्षकांनी समाधानाचा शब्द उच्चारू नये, इतकंच. २०२२मध्ये केनियाच्या आयोगाने हे फॉर्म संकेतस्थळावर टाकले. कुणीही बेरीज करावी! वाद तेव्हाही झाला, चार आयुक्तांनी निकालापासून अंग काढून घेतलं. पण भांडायला कागद सगळ्यांपुढे होते, आणि न्यायालयाने विल्यम रुटो यांची निवड एकमताने कायम ठेवली.

ही सुधारणा पाहुण्यांच्या शाबासकीतून आली नाही. २०१७मध्ये कोर्टाची पायरी चढलेल्यांमुळे तिला जोर मिळाला. पाहुण्यांना एकजूट दाखवायची असेल, तर त्यांनी या माणसांच्या शेजारी उभं राहावं, आणि परतीचं विमान जरा उशिराचं घ्यावं.