क्रीमच्या डबीचे रसग्रहण

कादंबऱ्यांची परीक्षणे पुष्कळ झाली. पण शब्दागणिक सर्वांत महाग पडणारे साहित्य, म्हणजे तोंडाला लावायच्या क्रीमच्या खोक्यावरचा मजकूर, त्याकडे एकाही टीकाकाराने ढुंकून पाहिलेले नाही. ही उणीव भरून काढायला मी आमच्या भाचीची डबी अभ्यासाला घेतली. पन्नास ग्रॅम, नऊशे रुपये. तिचा नव्या नोकरीतला पगार मला माहीत आहे, तेव्हा परीक्षण जरा कडक झाले तर रसिकांनी सांभाळून घ्यावे.

दर्शनी बाजू म्हणजे निव्वळ काव्य. ‘केशराच्या स्पर्शाने सुरकुत्या कमी दिसण्यास मदत होऊ शकते.’ पुन्हा वाचा. सुरकुत्या कमी होतील असे नाही, ‘दिसतील’. तसेही नाही, दिसण्यास ‘मदत’. तीही होईलच असे नाही, ‘होऊ शकते’. एका वाक्याला तीन मागची दारे! आमच्या अख्ख्या चाळीला एकच होते. यामागे १९४०चा औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा आहे. प्रसाधनाने रूप खुलवावे. रोग बरा करतो म्हटले की ते औषधांच्या रांगेत जाते, आणि तिथे पुरावे मागतात. म्हणून ही भाषा इतकी लाजरी.

पुढे ‘त्वचातज्ज्ञांकडून तपासलेले.’ अहो, आमचे धाकटे मेहुणेही मॅट्रिकला बसले होते. निकालाचे बोला! ‘९० टक्के स्त्रियांना फरक जाणवला.’ किती जणींपैकी? दहा की हजार? आणि साधे क्रीम लावणाऱ्या बायकांना काय जाणवले? सुवासिक काहीतरी महिनाभर गालाला चोळल्यावर फरक न जाणवायला फार मोठे मनोधैर्य लागते.

खरे साहित्य डबीच्या पाठीवर असते, मुंगीच्या अक्षरांत. तिथल्या यादीचा नियम असा: एक टक्क्याहून जास्त असलेले घटक उतरत्या क्रमाने, बाकीचे त्यांच्यामागून कसेही. पहिले नाव ‘ॲक्वा’. म्हणजे पाणी. पाणी लॅटिनमध्ये घातले की चालते, ही युक्ती आमच्या दूधवाल्याला अजून सुचलेली नाही. मग ग्लिसरीन, गरीब पण प्रामाणिक पात्र. ते खरोखरच त्वचेत ओलावा धरून ठेवते आणि कोपऱ्यावरच्या केमिस्टकडे स्वस्तात मिळते. पुढे फिनॉक्सिइथेनॉल, क्रीम नासू नये म्हणून. त्याला मुभा फार तर एक टक्क्याची. आणि त्याच्याही मागे उभे आपले नायक, श्रीमान केशर! म्हणजे तेही एक टक्क्याच्या आतलेच. जाहिरातीत सिंहासनावर, यादीत चपलांपाशी. रेटिनॉलसारखा घटक एवढ्या थोड्या प्रमाणातही काम करतो, हे न्यायाने सांगायला हवे. पण मग ते प्रमाण छापायला लाजावे कशाला?

१९७५ साली आलेल्या ‘फेअर अँड लव्हली’ने २०२०मध्ये नावातला ‘फेअर’ गाळून ‘ग्लो’ घातला. शब्द बदलला हे उत्तम; मुलगी पाहायला आलेल्या मंडळींचे डोळे बदलायला मात्र कोणतेच क्रीम पुरेसे नाही. त्याच डोळ्यांच्या धाकाने मुली आठ दिवसांत गोरे करणाऱ्या, बिननावाच्या डब्या आणतात. तसल्या कित्येक क्रीममध्ये पारा सापडला आहे, आणि पारा मूत्रपिंडे निकामी करू शकतो. तिथे रसग्रहणाचा प्रश्नच येत नाही. जिच्या पाठीवर काहीच लिहिलेले नाही, ती डबी घरात घेऊ नये.