निवाड्याच्या कागदांतून समाज : वि. त्रिं. गुणे यांच्या न्याय-इतिहासलेखनाचे परीक्षण

प्रादेशिक इतिहास आणि कायद्याचा इतिहास हे विषय अभ्यासक्रमात बहुधा वेगवेगळ्या घटकांत येतात. विठ्ठल त्रिंबक गुणे यांच्या कामात मात्र ते एकत्र आलेले दिसतात. या पाठात आपण त्यांच्या कारकिर्दीचा थोडक्यात परिचय करून घेऊ आणि त्यांच्या मुख्य ग्रंथाचे परीक्षण करू. वाचताना एक प्रश्न समोर ठेवा : न्यायनिवाड्याच्या कागदांतून त्या काळचा समाज आपल्याला किती दिसतो, आणि त्यातला कोणता भाग दिसत नाही?

१. कारकीर्द

गुणे यांचा ‘द ज्युडिशियल सिस्टिम ऑफ द मराठाज’ हा इंग्रजी ग्रंथ पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९५३ साली प्रसिद्ध केला. १६०० ते १८१८ हा त्याचा कालखंड आहे. गोवा मुक्त झाल्यानंतर गुणे यांनी तेथील अभिलेखागाराचे संचालकपद सांभाळले. १५९५ साली स्थापन झालेले हे दप्तर भारतातील जुन्या दप्तरांपैकी एक आहे. या काळात त्यांनी गोव्यातील प्राचीन देवस्थानांवर पुस्तक लिहिले, दप्तरातील कागदांची मार्गदर्शिका तयार केली आणि १९७९ साली प्रसिद्ध झालेल्या गोवा गॅझेटियरचे संपादन केले.

२. ग्रंथाचे वेगळेपण

मराठ्यांच्या न्यायव्यवस्थेवर त्यांच्या आधीही लेखन झाले होते. एल्फिन्स्टनने पेशव्यांकडून जिंकलेल्या मुलखाविषयी १८१९ साली अहवाल लिहिला. त्यात पंचायतीचे वर्णन आहे, पण ते नव्या सत्ताधाऱ्याच्या गरजेतून केलेले आहे. कलकत्ता विद्यापीठाचे सुरेंद्रनाथ सेन यांनी १९२३ साली मराठ्यांच्या एकूण राज्यकारभारावर ग्रंथ लिहिला. न्याय हा त्याचा एक भाग होता. दुसरीकडे, स्मृती आणि मिताक्षरेसारख्या टीकाग्रंथांवरून ‘हिंदू कायदा’ सांगण्याची परंपरा होती. गुणे यांनी महजर, निवाडपत्रे आणि सरकारी आज्ञापत्रे यांना अभ्यासाच्या केंद्रस्थानी आणले. कायदा काय सांगतो यापेक्षा निवाडा कसा झाला, हा त्यांचा प्रश्न होता.

या कागदांतून दाव्याचा क्रम समजतो. दावा लावणारा तो अग्रवादी आणि त्याला उत्तर देणारा तो पश्चिमवादी. दोघांकडून तकरीर, म्हणजे जबानी, लिहून घेत. होणारा निवाडा मान्य करू असा राजीनामा आणि त्यासाठी जामीनही घेत. मग कागदपत्रे, साक्षी आणि भोगवटा तपासला जाई. पुरावा अपुरा पडला तर दिव्याचा मार्ग असे. रवा दिव्यात उकळत्या तेला-तुपातून धातूचा तुकडा हाताने काढावा लागे. नंतर हात पिशवीत बांधून त्यावर मोहोर करीत आणि काही दिवसांनी तो तपासत. हरणाऱ्याकडून यजितखत, म्हणजे हार मान्य केल्याचा कागद, लिहून घेत. जिंकणाऱ्याने सरकारला हरकी द्यायची आणि हरणाऱ्याने गुन्हेगारी, असा शिरस्ता होता. थोडक्यात, न्याय फुकट मिळत नव्हता, ही गोष्ट टिपून ठेवा.

३. ‘प्राचीन पंचायत’ या कल्पनेची तपासणी

सतराव्या शतकातील महजरांत निवाडा करणारी सभा मोठी दिसते. तिच्यात सरकारी अधिकारी बसत, तसेच ‘गोत’ही बसे. गोत म्हणजे केवळ भाऊबंद नव्हेत. देशमुख, देशपांडे, पाटील, कुलकर्णी, शेटे-महाजन आणि बलुतेदार असा त्या भागातील वतनदारांचा समूह. महजरावर त्यांच्या निशाण्या असत : पाटलाचा नांगर, बलुतेदारांची आपापली हत्यारे. पेशवाईत, विशेषतः अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात, या सभेची जागा दाव्यापुरत्या नेमलेल्या पंचांनी मोठ्या प्रमाणात घेतली.

हा बदल महत्त्वाचा का? एल्फिन्स्टनने १८१८ नंतर जी पंचायत पाहिली, ती अनादी काळापासून तशीच चालत आलेली नव्हती. तिला इतिहास होता. मेटकाफने १८३० साली खेड्यांना स्वयंपूर्ण छोट्या प्रजासत्ताकांची उपमा दिली, आणि पुढे राष्ट्रवादी लेखनातही हे चित्र रुजले. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत डॉ. आंबेडकरांनी या चित्रावर कठोर टीका केली. तुम्ही परीक्षेत ‘प्राचीन ग्रामपंचायत’ असे लिहिता, तेव्हा याच वादात एक बाजू घेत असता. गुणे यांचा ग्रंथ हा वाद मिटवत नाही, पण तो पुराव्यावर बोलायला भाग पाडतो.

४. मर्यादा

पहिली मर्यादा साधनांची आहे. महजर टिकून का राहिला? कारण तो जिंकणाऱ्याच्या घरी वतनाचा दाखला म्हणून जपला गेला. त्यामुळे उरलेल्या कागदांत वतन, वाटणी, मानपान आणि दत्तक यांचे तंटे फार आहेत. वतन नसलेला मजूर, कूळ किंवा बटीक त्यांत क्वचितच भेटते. महजरावर महाराची साक्ष आणि निशाणी आढळते. याचा अर्थ त्याला गावाच्या सीमेची आणि वहिवाटीची माहिती असलेला साक्षीदार म्हणून स्थान होते. सामाजिक समतेचा तो पुरावा नव्हे. विधवा हक्कासाठी उभी राहिलेली दिसते, पण निवाडा करणाऱ्यांच्या यादीत स्त्रिया सहसा नसतात.

दुसरी मर्यादा दृष्टीची आहे. ग्रंथाच्या नावातच ‘सिस्टिम’, म्हणजे व्यवस्था, हा शब्द आहे. व्यवस्था शोधणारा अभ्यासक नियम जुळवत जातो. पण एकाच वतनाचा तंटा पिढ्यान्‌पिढ्या चालतो, हरलेला पक्ष नव्या राजवटीत पुन्हा दाद मागतो, दोन्ही पक्षांकडे सरकारी कागद निघतात. तिथे व्यवस्थेइतकेच सत्तेचे पारडे महत्त्वाचे ठरते. पुढील अभ्यासकांनी हेच कागद निराळ्या प्रश्नांसाठी वाचले. उदाहरणार्थ, सुमित गुहा यांनी २००४ च्या एका लेखात वतनाच्या तंट्यांत सांगितल्या जाणाऱ्या पूर्ववृत्तांताचा संबंध मराठीतील इतिहासकथनाशी जोडला. आपला हक्क सिद्ध करण्यासाठी लोक सभेपुढे भूतकाळ सांगत होते, हे त्यातून पुढे आले.

५. गोव्यातील काम कसे पाहावे?

सूची, मार्गदर्शिका आणि गॅझेटियर यांना विद्यार्थी ‘खरे’ संशोधन मानत नाहीत. हा समज सोडा. गोव्यातील गावकरी संस्थांचे रीतिरिवाज पोर्तुगीजांनी १५२६ च्या फोराल या सनदेत नोंदवले. गावची जमीन, गावकऱ्यांचे अधिकार आणि सरकारचे येणे यांचा तो दस्तऐवज आहे. देशावरील गोतसभा आणि गोव्यातील गावकरी यांची तुलना करायची, तर आधी कोणता कागद कुठे आहे हे कळले पाहिजे. मार्गदर्शिका हे काम करते. मात्र मोडी आणि पोर्तुगीज या दोन्ही दप्तरांवर आधारलेली अशी तुलना विस्ताराने करणे, हे पुढच्या अभ्यासकांसाठी आजही मोलाचे काम आहे.

६. सारांश

गुणे यांनी न्यायाचा इतिहास ग्रंथांतील वचनांपासून प्रत्यक्ष निवाड्यापर्यंत आणला, हे त्यांचे मोठे योगदान. निवाडे वतनदारांच्या जगातले आहेत, हे विसरून ते वाचले तर त्या जगालाच आपण संपूर्ण समाज समजू. म्हणून ग्रंथ अवश्य वाचा, पण प्रत्येक निवाड्यापाशी विचारा : हा कागद कोणी जपला, आणि का?

स्वाध्याय

तुम्ही केरळचे असा, बंगालचे किंवा राजस्थानचे. तुमच्या प्रदेशातील एक जुना जमिनीचा किंवा देवस्थानाचा निवाडा निवडा. त्यातील वादी, प्रतिवादी, साक्षीदार आणि निवाडा करणारे अशा चार याद्या करा. मग पाचवी यादी करा : या तंट्याचा परिणाम ज्यांच्यावर झाला असेल, पण ज्यांचे नाव कागदात नाही, असे लोक. या पाचव्या यादीविषयी दोनशे शब्दांत लिहा.