क्षेपणास्त्राची उपमा कितपत खरी?

नॅनोकणांत भरलेले औषध एचआयव्हीने ग्रासलेल्या पेशींवर क्षेपणास्त्रासारखे जाऊन आदळते, असे वर्णन लोकप्रिय विज्ञानलेखनात वारंवार आढळते. उपमा आकर्षक आहे, पण तिने मनात उभे राहणारे चित्र चुकीचे आहे.

नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग. औषधवाहक कण बहुधा शंभर-दोनशे नॅनोमीटरचे असतात. त्यांना ना इंजिन असते, ना सुकाणू. ते रक्ताबरोबर वाहतात आणि त्यांपैकी बरेचसे यकृतातील व प्लीहेतील महाभक्षी पेशी गिळून टाकतात. म्हणजे कण पेशीला शोधत नाही. पेशीच कणाला पकडते. कणावर प्रतिपिंडे जोडली, तरी ती पेशीशी गाठ पडल्यावरच चिकटतात. कणाला दिशा देत नाहीत.

महाभक्षी पेशींतही एचआयव्ही राहू शकतो, म्हणून त्यांची ही सवय उपयोगाची आहे. मात्र विषाणूचा मुख्य सुप्त साठा असतो तो विश्रांत अवस्थेतील सीडी4 टी-पेशींत, आणि त्या कण सहजी आत घेत नाहीत. खरी अडचण इथे आहे.

2025 मध्ये मेलबर्नच्या डोहर्टी संस्थेतील संशोधकांनी मेदकणांची घडण बदलून अशा पेशींत एमआरएनए पोचवला आणि सुप्त विषाणूला जागे केले. यश मोठे आहे. पण हे घडले रुग्णांच्या शरीराबाहेर काढलेल्या पेशींत. शिवाय विषाणू जागा होणे म्हणजे नष्ट होणे नव्हे.

अमेरिकेत 2021 मध्ये मान्यता मिळालेल्या कॅबोटेग्राविर-रिल्पिविरिन या इंजेक्शनांतही औषधाचे अतिसूक्ष्म कण असतात. ते स्नायूत साठून हळूहळू विरघळतात, म्हणून महिन्या-दोन महिन्यांनी इंजेक्शन पुरते. इथे फायदा साठवणीचा आहे, नेमबाजीचा नाही.

हा केवळ शब्दांचा वाद नव्हे. रोग समूळ जाणार अशा समजुतीने एखाद्याने गोळ्या थांबवल्या, तर बहुतेकदा काही आठवड्यांतच विषाणू पुन्हा वाढू लागतो. म्हणून अशी बातमी वर्गात वाचताना विद्यार्थ्यांना तीन प्रश्न विचारायला लावावेत: कण कोणत्या पेशींत शिरले? प्रयोग काचपात्रात झाला, प्राण्यांत की माणसांत? आणि जे औषध तिथे पोचले नाही, ते गेले कुठे? बातमीत यांची उत्तरे नसतील, तर ती अपुरी आहे असे खुशाल समजावे.