दार उघडल्यावर दिसणारा रंग

गाडीचा बाहेरचा रंग बदलला की अख्ख्या गावाला कळतं. आरसी बुकावरही तशी नोंद करून घ्यावी लागते. आतल्या रंगाला मात्र परिवहन कार्यालयाच्या कागदावर रकानाच नाही. त्यामुळे या कामाची वाहवा फारशी होत नाही, आणि त्यात डावं-उजवं कसं ओळखायचं हेही कुणी सांगत नाही. हिंगोलीतल्या एका कुशनवाल्या मिस्त्रींनी केलेलं असं एक काम मला नुकतंच निवांत पाहायला मिळालं. गाडी मारुतीची, 2012 साली आलेल्या दुसऱ्या पिढीतली डिझायर. नंबर एमएच 38 चा. मालक वसमतकडचे हळदीचे अडते. डॅशबोर्डचा वरचा भाग काळा आणि खालचा बिस्किट रंगाचा, दरवाज्यांचे पॅड आणि सीटही बिस्किट रंगाच्याच, अशी ही गाडी कंपनीतून आली होती. त्या काळी डिझायर काय, इनोव्हा काय, हा फिका रंग श्रीमंती दिसण्यासाठी आणि आतली जागा मोठी भासण्यासाठी सर्रास दिला जायचा.

पण हळदीच्या मुलखात बिस्किट रंग टिकणार कसा? वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन आहे, आणि तिचा पिवळेपणा अडत्याच्या सदऱ्यावरून सीटवर उतरायला एक हंगाम पुरतो. तो डाग साबणाने धुवायला गेलं की पिवळ्याचा लाल होतो, कारण हळदीतला रंग क्षारात लालसर पडतो. हळदीला चुन्याची निवळी देऊन कुंकू करणाऱ्या आपल्या लोकांना हे वेगळं सांगायला नको. उन्हाने मात्र तोच रंग उडतो. म्हणून या गाडीच्या मागच्या सीटवर खिडकीजवळचे डाग फिकट आणि मधले गडद, असा नकाशा तयार झाला होता. मालकांनी म्हणे सरळ सांगितलं होतं, सगळं काळं करून टाका.

मिस्त्रींनी काळं केलं नाही, आणि या कामातली पहिली दाद मी इथेच देतो. आपली काळी माती शेतात काळी असते. वाळून उडाली की तिची धूळ राखाडी होते. हिंगोली ते कळमनुरी एवढी एक चक्कर मारली तरी काळ्या प्लास्टिकवर बोटाने नाव लिहिता येतं. शिवाय चाळिशी ओलांडणाऱ्या उन्हात काळा रंग तापतो तो वेगळाच. त्यांनी निवडला तो राखी झाक असलेला तपकिरी. त्यावर धूळ बसते पण उठून दिसत नाही, हळद लागते पण बोंब मारत नाही. दार उघडल्यावर तो रंग डोळ्यांत भरत नाही. थोडा वेळ बसल्यावर आवडू लागतो. गिऱ्हाइकाच्या शब्दापेक्षा त्याच्या वाटेवरच्या धुळीचा विचार आधी करणारा कारागीर विरळा.

आता काय बदललं नाही ते पाहा. छताचं अस्तर आणि वरचे खांब फिकेच ठेवले आहेत. तिथे गडद रंग आला असता तर छत डोक्यावर उतरल्यासारखं वाटलं असतं. डॅशबोर्डचा काळा माथा कंपनीने दिला तसाच आहे. तो फिका असता तर दुपारी त्याचं प्रतिबिंब समोरच्या काचेत पडून डोळ्यांना त्रास झाला असता. या गाडीत पुढे दोन एअरबॅग आहेत. स्टिअरिंगच्या मधल्या झाकणाला आणि डाव्या बाजूच्या एअरबॅगच्या शिवणीला मिस्त्रींनी रंगाची गन लावलीच नाही. ती झाकणं क्षणात ठरलेल्या रेषेवर फाटली पाहिजेत. त्यावर रंगाचा जाड थर चढवणं म्हणजे त्या रेषेशी खेळ. सीटबेल्टच्या पट्ट्याही मूळच्याच. रसायनाने त्यांचा धागा कमजोर झाला तर पट्टा शोभेचा उरेल. नवा रंग आणि जुना रंग यांची हद्द खिडकीच्या खालच्या काठाशी ठेवली आहे, आणि ती चारही दारांवर एकाच उंचीवर येते. पुढच्या दारापासून मागच्या दारापर्यंत ती रेषा नजरेने ओढून पाहावी, कुठेही अडखळत नाही.

रंग मारण्याआधीचं काम दिसत नाही, पण कळतं. डॅशबोर्डला चकाकी आणणारे जे स्प्रे आपण हौसेने मारतो त्यांत सिलिकॉनचं तेल असतं. ते प्लास्टिकवरच्या बारीक सुरकुत्यांच्या, म्हणजे दाण्याच्या, फटींत मुरतं आणि रंगाला धरू देत नाही. रंग मागे सरतो आणि बारीक खळगे पडतात. पेंटर मंडळी त्याला फिशआय म्हणतात. मिस्त्री म्हणाले, ‘‘रंग मारायला काय लागते? धुण्यातच दिवस जायलाय.’’ पॅड खटके सोडवून बाहेर काढायचे, ब्रश आणि साबणाने घासायचे, वाळवायचे, मग तेल उतरवणाऱ्या द्रावणाने पुसायचे, आणि दर पुसण्याला फडक्याची नवी घडी. हातमोज्याशिवाय पुन्हा बोट लावायचं नाही. ग्लोव्ह बॉक्सच्या झाकणावर मी तिरप्या उजेडात बराच वेळ पाहत होतो. एकही खळगा नाही.

पॅडच्या पाठीवर साच्यातच उमटवलेली अक्षरं असतात, आणि तिथून मिस्त्रींचं शास्त्र सुरू होतं. एबीएस लिहिलं असेल तर ते प्लास्टिक रंगाला धार्जिणं; रंगातला थिनर त्याचा पृष्ठभाग किंचित मऊ करतो आणि थर घट्ट बसतो. पीपी, म्हणजे पॉलिप्रॉपिलीन असेल तर ते रंगाला उभं करत नाही. त्यावर पाण्याचा थेंब टाका, पसरण्याऐवजी गोळा होऊन बसतो. तिथे आधी प्लास्टिक प्रायमरचा पाणीदार, पातळ हात द्यावा लागतो, आणि तो पूर्ण सुकून जाण्याआधी रंगाचा पहिला हात चढला पाहिजे. पीपीच्या पुढे टीडी20 असेल तर त्यात वीस टक्के शंखजिऱ्याची भुकटी. हे सगळं मिस्त्री पाठीवरची अक्षरं वाचून ठरवतात. मग जिथे कुणाची नजर जाणार नाही अशा कोपऱ्यात ब्लेडने उभ्या-आडव्या चिरा पाडून जाळी करतात, त्यावर चिकटपट्टी दाबून झटक्याने उपटतात. पट्टीला रंगाचा कण आला तर काम परत पहिल्यापासून. हीच जाळीची चाचणी मोठ्या कारखान्यांच्या प्रयोगशाळांतही करतात.

या कामाचा खरा कस लागतो तो दाण्यावर. गाडीतलं प्लास्टिक गुळगुळीत नसतं. चामड्याचा भास होईल अशा सुरकुत्या साच्यातच कोरलेल्या असतात. जाड रंग मारला की त्या बुजतात, जसे दरवर्षी चुना लागत गेलेल्या शाळेच्या भिंतीचे कोपरे गोल होत जातात. दाणा बुजला की प्लास्टिक रंगवलेलं दिसतं. दाणा जिवंत राहिला की ते त्याच रंगात जन्मल्यासारखं दिसतं. या गाडीत दाराच्या खिशाजवळ, जिथे सुरकुत्या सगळ्यांत बारीक आहेत, तिथे नख फिरवून पाहिलं. प्रत्येक खाच नखाला लागते. त्यासाठी गन जवळ न नेता, धुक्यासारखे विरळ हात एकावर एक द्यावे लागतात, आणि पहिल्या हाताखालून जुना बिस्किट रंग डोकावत असताना हात आवरावा लागतो. भरभरून मारण्याचा मोह होतो तो याच क्षणी. चकाकीही बेताची ठेवली आहे; उजेड पृष्ठभागावर घसरत नाही, थांबतो.

एका ठिकाणी मात्र माझं मन मानत नाही. स्पीकरच्या जाळीची काही भोकं रंगाने अरुंद झाली आहेत. तिथे जाळी सोडवून वेगळी रंगवायला हवी होती. बाकी इतकं देखणं असल्यानेच ती चूक टोचते.

कडा पाहाव्यात त्या दार अर्धवट उघडून. पॅड जिथे पत्र्याला भिडतं, तिथे रंग काठावर संपत नाही; वळून मागच्या बाजूला बोटभर गेलेला आहे. म्हणून खड्ड्यातून जाताना पॅड हललं तरी फटीतून जुन्या रंगाची रेघ दिसत नाही. पॅड गाडीवरच ठेवून, भोवती कागद चिकटवून केलेल्या कामात ही रेघ हमखास असते. खटके सोडवण्याचे कष्ट कुणी घेतले आणि कुणी टाळले, याचा दाखला त्या बोटभर जागेत मिळतो.

सीटच्या कापडावर रंग फवारला असता तर ते ताठ होऊन काही महिन्यांत तडकलं असतं. म्हणून तिथे रेक्झिन शिवलं आहे. दुहेरी टाक्याच्या दोन ओळी गोटाच्या दोन्ही अंगांना समांतर धावतात, आणि पाठीच्या वळणावरही त्यांच्यातलं अंतर बदलत नाही. टाका मुद्दाम लांब घेतला आहे, कारण दाट टाक्याने रेक्झिनला भोकांची माळ पडते आणि ताण आला की ते त्या ओळीवरच फाटतं. धागा पॉलिएस्टरचा आहे. सुती धागा उन्हात कुजला असता. आणि या धाग्याचा रंग बिस्किट आहे. गाडीचा मूळ रंग त्यांनी असा टाक्यापुरता शिल्लक ठेवला, तोही छताच्या फिक्या अस्तराशी जुळता. त्यामुळे वरचा फिका आणि खालचा गडद भाग एकमेकांना परके वाटत नाहीत. संपूर्ण कामातली सगळ्यांत सुंदर कल्पना मला हीच वाटली.

रेक्झिन आणि रंगवलेलं प्लास्टिक यांची छटा जुळवणं सगळ्यांत अवघड. दोन वेगळ्या पदार्थांवरचे रंग दुपारच्या उन्हात सारखे दिसतात आणि दिव्याखाली फारकत घेतात, कारण दोन्हींतली रंगद्रव्यं वेगळी असतात. मिस्त्रींनी आधी रेक्झिन निवडलं आणि प्लास्टिकचा रंग त्याला जुळवून घोटला. नमुन्याची पट्टी उन्हात, दुकानाच्या सावलीत आणि गाडीच्या छतातल्या दिव्याखाली, अशी तिन्हीकडे धरून पाहिली. संध्याकाळी मी दार लावून आतला दिवा लावला. दाराचं पॅड आणि सीटची बाजू यांत फरक शोधला, सापडला नाही. मिश्रणाचं प्रमाण त्यांनी ग्लोव्ह बॉक्सच्या पाठीवर मार्करने लिहून ठेवलं आहे, कुठल्या डब्यातले किती भाग ते. उद्या दाराला ओरखडा पडला आणि गाडी नांदेडला असली, तरी तिथल्या पेंटरला ती ओळ वाचून हीच छटा घोटता येईल.